शीळ घालणारं पिंप

ता. ६ मार्च

मी पडले नसते तर त्या नव्या पिंपाच्या झाकणाचं भोक पिंप आलं त्याच संध्याकाळी मेणानं बुजवलं असतं. चांगले पैसे मोजून घेतलेली वस्तू आणि झाकणाला भोक! पण पडले, पाय मोडला, लेकीकडे येऊन राहावं लागलं, आणि माझ्या लाँड्रीत तुझं राज्य आलं. माझा नातू, तुझा नवरा, लाडोबा फोनवर सांगत होता, नवं पिंप मधूनमधून बारीक शीळ घालतं आणि तू त्याला घालू देतेस. शीळ घालणारं माणूस मी कधी दारात उभं केलं नाही, पिंप कशाला करीन?

असो. सूनबाईला आशीर्वाद.

तुला फोन करत नाही, कारण फोनवर तू "हो आजी" म्हणतेस आणि करतेस भलतंच. कागदावर काय ते लिहून कळव. माझं अक्षर तुला लागत नसेल तर लाडोबाकडून वाचून घे. शाळेत मी फार गेले नाही, पण जेवढी गेले तेवढी माझ्या लक्षात आहे.

तर तक्रारी ऐक. ते पिंप मी बॉयलरशेजारी ठेवलं होतं. तिथे ऊब असते, कामाला हाताशी येतं. तू ते मागच्या पडवीत सावलीला नेऊन ठेवलंस. का? त्याला ऊन बाधतं का? माझं लोखंडी ओगराळं, ज्यानं मी उभा जन्म औषधं मोजली, ते तू खिळ्याला टांगून ठेवलंस आणि प्लॅस्टिकचा जग आणलास. इस्त्रीवाल्याला डोळ्यांवर पाणबुड्यासारखा चष्मा लावलास. तो म्हणतो, त्याला त्यातून इस्त्री दिसत नाही. खरं म्हणजे त्याला चष्म्याशिवायही दिसत नाही, पण ते वेगळं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, पिंपातून मोजून काढलेलं पाणी उरलं की तू ते नळ सोडून मोरीत ओतून देतेस! उरलेलं परत पिंपात ओतायचं, एवढी साधी गोष्ट. साबणाचा चुरासुद्धा मी गोळा करून वापरला, म्हणून ही लाँड्री उभी राहिली.

लग्नाआधी तू पार्लरमध्ये लोकांचे केस रंगवत होतीस, ते मी विसरले नाही. केस भुरे करणं वेगळं आणि हॉस्पिटलच्या चादरी पांढऱ्या करणं वेगळं. केसांचं बिघडलं तर गिऱ्हाईक ओरडतं तरी. चादर बिचारी फाटून मोकळी होते.

किल्ल्या तुझ्याकडे आहेत त्या माझा पाय जुळेपर्यंत. नासाडी झाली, काही बिघडलं, की किल्ल्या इस्त्रीवाल्याकडे जातील आणि तू काउंटरवर बसून पावत्या फाडशील. तो आळशी आहे खरा, पण आळशी माणूस निदान नवं काही करायला जात नाही.

आजी


ता. १२ मार्च

आजी, नमस्कार.

पत्र पोचलं. अक्षर सगळं लागलं, राग तर न वाचताच लागला. पाय कसा आहे? आत्याबाई तुम्हाला उठू देत नाहीत असं कळलं. त्यांना माझा नमस्कार आणि माझी सहानुभूती सांगा.

तुम्ही लिहून मागितलंत म्हणून लिहिते. नुसतं "हो" लिहीत नाही, कारण ते तुम्ही जपून ठेवाल.

पिंपातलं चादरी पांढऱ्या करायचं पेरॉक्साइड दिसायला साधं पाणी आहे, पण ते स्वस्थ बसणारं नाही. आतल्या आत ते थोडा थोडा प्राणवायू सोडत असतं. त्याला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून झाकणाला ते भोक. आजी, ते मेणानं बुजवलं असतंत तर वायू कोंडून पिंप फुगलं असतं, आणि फुगून फुगून एक दिवस फाटलं असतं. त्याची शीळ ऐकू आली की मला बरं वाटतं. श्वास घेतंय असं समजते.

बॉयलरजवळून हलवलं ते उष्णतेनं त्याचा जोर वाढतो म्हणून. चष्मा आणि लांब हातमोजे, कारण हे डोळ्यात उडालं तर डोळा जाईल. कातडीवर पडलं तर कातडी पांढरीफटक पडते आणि चुरचुरते. इस्त्रीवाले काका कुरकुर करतात, पण चष्मा लावून आरशात तीनदा बघून आले, ते मी पाहिलंय.

सांडलं तर भरपूर पाणी ओतायचं. चिंधीनं पुसून चिंधी टोपलीत टाकायची नाही. हे स्वतः पेटत नाही, पण पेटणाऱ्याला हात देतं. भांडण लावून आपण नामानिराळी राहणारी शेजारीण असते ना, तसं. चिंधी, लाकडाचा भुसा, कागद, काहीही त्यात भिजून पडलं की आपलं आपण धुमसायला लागतं.

आता तुमचं ओगराळं आणि उरलेलं पाणी. पार्लरमध्ये हेच पेरॉक्साइड अगदी पातळ करून येतं, क्रीमसारखं. तिथे धातूचा चमचा लावायचा नाही हा पहिला धडा. आमच्या मालकीणबाई तुमच्यासारख्याच, काही वाया जाऊ द्यायच्या नाहीत. एकदा रंग कालवून उरलेलं त्यांनी परत बाटलीत ओतलं, झाकण करकचून लावलं आणि बाटली कपाटात ठेवली. दुपारी एक बाई केसांची टोकं कापायला बसल्या होत्या. कपाटात असा आवाज झाला की माझ्या हातातली कात्री उडाली. कपाटाचं दार उघडलं ते आपणहून. छताला तपकिरी ठिपके, आरशावर तपकिरी ठिपके. बाई टोकं कापायला आल्या होत्या आणि अर्धे केस रंगवून घरी गेल्या. फुकट रंगले म्हणून मालकीणबाईंनी त्यांच्याकडूनच आभार मागून घेतले, ते निराळंच.

ते पातळ होतं, आजी. आपलं पिंप त्याच्या कितीतरी पट कडक आहे. ओगराळ्याचा गंज, आपल्या धुण्याच्या सोड्याची कणी, बोटाचा मळ, एवढंसं काही आत गेलं की ते खाली जाळ नसताना उकळायला लागतं. म्हणून एकदा बाहेर काढलेलं परत आत जात नाही. मी लागेल तेवढंच काढते. उरतं ते घोटभर.

किल्ल्या जपून आहेत.

तुमची नातसून


ता. १९ मार्च

केसांचं पुराण वाचलं. तुझ्या मालकीणबाईंशी माझं जमलं असतं.

इथलं काय सांगू. लेक मला उशांच्या मध्ये अंड्यासारखी ठेवते. पाणी मागितलं तर सरबत आणते, काठी मागितली तर टीव्ही लावते. जावई दाराबाहेरून खाकरून विचारतात, "कसं आहे?" मी म्हणते, "आहे." झालं बोलणं. खिडकीतून समोरच्या बाईचं धुणं दिसतं. इतकं घाण पिळते! तारेवरून दिवसभर पाणी गळतं. खाली उतरता आलं असतं तर मी शिकवून आले असते.

आता तुझ्या पत्राचं. झाकणाचं भोक राहू दे. वायूचं मला पटलं. वायू कोंडला की काय होतं ते या वयात माझ्याइतकं कुणाला कळणार? चष्मा राहू दे, इस्त्रीवाला त्यानं त्रासतो हे ऐकून बरं वाटलं. पिंप सावलीत राहू दे. चिंध्यांचंही खरं असेल. तेलाच्या चिंध्या धुमसलेल्या मी पाहिल्यात, म्हणून मानते.

पण उरलेलं ओतून देणं मला गिळवत नाही. घोटभर म्हणतेस. घोटाघोटानंच पिंप रिकामं होतं. आणि माझ्या ओगराळ्याला गंज आहे असं आजवर कुणी म्हणालं नाही. त्याला गंज नाही. ते वापरून काळं झालंय, जसे माझे हात झालेत.

तरी मी आता बोलणार नाही. तुला योग्य वाटेल तसं कर. म्हातारीनं लांबून लांबून किती तोंड घालायचं? तू शिकलेली, तरुण. मी गप्प.

बुधवारी चादरी पोचवायला हॉस्पिटलात तूच जातेस ना? तिथे किती वेळ लागतो? अर्धा दिवस मोडत असेल. सहज विचारते.

लाडोबा वेळेवर जेवतो का? तो माझ्या शब्दाबाहेर कधी गेला नाही, लहानपणापासून. एवढं एक सुख.

आजी


ता. ३० मार्च

आजी, नमस्कार.

आधी हे वाचा: सगळे धडधाकट आहेत. लाँड्री उभी आहे. बॉयलर, यंत्रं, इस्त्रीवाले काका, सगळं शाबूत. आता बसून वाचा. बसलेल्याच असाल म्हणा.

बुधवारी पिंप गेलं.

मी चादरी पोचवून दुपारी परतले. दारातच आवाज आला. रोजची बारीक शीळ नव्हती, चहाची किटली उकळताना करते तसा आवाज. पडवीत गेले तर पिंप पोटुशा बाईसारखं पुढे आलेलं, आणि झाकणाच्या भोकातून वाफ. तुमचा लाडोबा त्याच्यासमोर उभा होता, दोन्ही हात झाकणाकडे नेत. म्हणत होता, "घट्ट लावू का? घट्ट लावू का?" मी एवढी ओरडले की समोरच्या दुकानातला शिंपी बाहेर आला.

झाकणाला हात लावू दिला नाही. सगळ्यांना बाहेर काढलं. इस्त्रीवाले काका गरम इस्त्री हातात घेऊन पळाले, वायर मागून फरफटत. रस्त्यात उभे राहिल्यावर त्यांना कळलं, तर म्हणाले, "आता ठेवू कुठे?" लाडोबाला नळाखाली बसवलं, कारण बोटं पांढरी झाली होती आणि तो फू फू करत फुंकर घालत होता. त्याला फुंकर पुरत नाही, पाणीच लागतं. अग्निशमनवाल्यांना फोन केला. मग लांबूनच, भिंतीच्या आडून, अंगणातला पाइप पिंपावर सोडला आणि सोडलेलाच ठेवला.

पिंप फाटलं नाही. भोकानं त्याला वाचवलं, आणि आपल्यालाही. झाकणाच्या कडेनं फसफसून ते बाहेर आलं आणि पडवीभर झालं. तिथला लाकडी बाक धुमसायला लागला होता, तेवढ्यात बंबाची गाडी आली. त्यांनी इतकं पाणी मारलं की शेजारच्या गल्लीतली मुलं होड्या सोडून गेली.

बंबावरचे साहेब मिशीवाले, दांडगे. म्हणाले, "इथं जबाबदार कोण?"

मी म्हणाले, "मी."

"झाकण कुणी घट्ट केलं नाही ना?"

"नाही."

"मग आज तुम्ही मला घरी वेळेवर पाठवलंत," म्हणाले आणि गेले.

नुकसान लिहिते. पिंप गेलं, बाक गेला. दोरीवर तुमची किरमिजी शाल वाळत होती, तिच्यावर उडालं. ती आता एका बाजूनं किरमिजी आहे आणि दुसऱ्या बाजूनं गुलाबी. मला विचाराल तर गुलाबी बाजू चांगली दिसते. हॉस्पिटलच्या पुढच्या चादरी उकळून उन्हात घातल्या आणि वेळेवर दिल्या. तिथल्या मोठ्या बाईंना काही कळलं नाही.

आता कसं झालं ते. सकाळी निघायच्या घाईत उरलेलं पाणी माझ्या हातून परत पिंपात गेलं. तुम्हाला एवढं पानभर लिहिलं आणि स्वतःच चुकले. लाडोबाला काही बोलू नका, तो फक्त मदतीला आला. त्याची बोटं संध्याकाळपर्यंत पहिल्यासारखी झाली. जेवणही वेळेवर जेवतो.

तुम्ही लिहिलं होतंत, काही बिघडलं की किल्ल्या इस्त्रीवाल्या काकांकडे. त्या मी गुरुवारी दिल्या. मी आता काउंटरवर असते. काका किल्ल्या छातीवर ठेवून बाकड्यावर आडवे होतात, म्हणजे चोरी व्हायची भीती नाही. नवं पिंप कधी मागवायचं ते त्यांना विचारलं, तर म्हणाले, "बघू."

तुमची नातसून


ता. ५ एप्रिल

लोकांना खोटं बोलता येत नाही तर बोलतात कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही. तुझं पत्र मी लेकीला वाचून दाखवलं, तर तिलासुद्धा कळलं, आणि तिला सरबताखेरीज काही कळत नाही.

सूनबाई, पाणी सकाळी तू ओतलंस म्हणतेस. मग बोटं त्याची कशी पांढरी झाली? तू तर लांब हातमोजे घालतेस, ते तूच मला पानभर लिहिलंस. आणि जी बाई मला पार्लरच्या छतापासून बोटाच्या मळापर्यंत सगळं समजावते, ती बाई घाईत उरलेलं परत ओतेल? घाईत तू स्वतःचं नाव विसरशील, हे नाही विसरणार. म्हणे तो फक्त मदतीला आला. हात भिजल्याशिवाय कुणाची बोटं पांढरी होत नाहीत.

तू सांगत नाहीस म्हणून मी सांगते. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. मी बुधवारी त्याला फोन केला. तू हॉस्पिटलात असताना केला, मुद्दाम. म्हटलं, ती येऊन मोरीत ओतायच्या आत उरलेलं सगळं गोळा कर आणि पिंपात ओत. जगानं नको, जग निसटतो, माझं ओगराळं घे. खिळ्यावरून काढ, मध्ये ठेवायचं झालं तर सोड्याच्या पोत्यावर टेकव आणि एकेक ओगराळं करून ओत. तो म्हणाला, "हो आजी." एका शब्दानं "पण" म्हणाला नाही. माझ्या शब्दाबाहेर जात नाही याचं मला कौतुक होतं. आता त्याच कौतुकानं पडवी जळायची राहिली.

म्हणजे गंजही माझा, सोडाही माझा, आणि हात त्याचा. तुझं त्यात फक्त पिंप थंड करणं आणि दोष अंगावर घेणं. अंगावर घ्यायला तुला कुणी सांगितलं होतं? नवऱ्याची चूक एकदा बायकोनं उचलली की त्याला वाटतं ती उचलायलाच ठेवलेली आहे. यापुढे असलं करशील तर मला राग येईल. आत्ताही आलेलाच आहे, तो पायाच्या दुखण्याच्या मागे आहे एवढंच.

खरं सांगते, तिथे मी असते तर झाकण घट्ट करायला मीच पहिली धावले असते. माझा हात आयुष्यभर झाकणं घट्ट लावण्यातच गेला. मग तुम्हाला मला भिंतीवरून खरवडून गोळा करावं लागलं असतं, आणि ती भिंत नुकतीच रंगवून घेतली होती.

आता ऐक, हे माझं सांगणं आहे, आणि लिहून ठेवलंस तरी चालेल.

इस्त्रीवाल्याकडून किल्ल्या घे. झोपला असेल तर उठवू नकोस, नुसत्या उचल. उठल्यावर त्याला कळायलाच दोन दिवस जातील. किल्ल्या तुझ्याकडे राहतील. पाय जुळेपर्यंत वगैरे मी मागे लिहिलं होतं, ते खोड. माझा पाय जुळो की न जुळो, लाँड्री तू चालवायची.

नवं पिंप तू मागव, तुला हवं तिथे ठेव. विटांचा चौथरा करून घे, जवळ लाकूड नको, चिंध्या नकोत, लाडोबा नको. नळ जवळ असू दे. ओगराळं भंगारात दे. मला विचारायचं नाही आणि त्याचं काय मिळालं तेही सांगायचं नाही. मी आले की पडवीत पाय टाकण्याआधी तुला विचारीन. तू नाही म्हणालीस तर दारातून बघीन आणि बाहेरूनच काय वाटेल ते बोलीन, तेवढी मुभा राहू दे. मला चष्मा आण. इस्त्रीवाल्याचा नको, नवा.

शालीचं मनावर घेऊ नकोस. मी दोन्ही बाजूंनी वापरीन. एकीकडून माझी, दुसरीकडून लग्नाला चालेल.

इथे मी लेकीला सांगितलं, माझ्या नातसुनेनं बंबवाल्यांना घरी वेळेवर पाठवलं. तिनं जावयांना सांगितलं. ते दाराबाहेर खाकरले आणि म्हणाले, "वा." जावयांचा इतका मोठा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आता उत्तर. या पत्राला उत्तर तू लिहायचं नाहीस. लाडोबानं लिहायचं. बोटं बरी झाली म्हणतेस, तर त्याच बोटांनी, आणि तू शेजारी बसून शब्द पुरवायचे नाहीत. बुधवारी कुणाच्या सांगण्यावरून काय केलं ते त्यानं सगळं लिहावं, आणि यापुढे पिंपाच्या बाबतीत कुणाचं ऐकणार तेही लिहावं. त्या जागी माझं नाव आलं तर पत्र परत पाठवीन, आणि तिकीट त्याला लावायला लावीन.

आजी